पुस्तकाची जाडी

प्रेसवाल्याने माझं पुस्तक अंगठा आणि पहिल्या बोटाच्या चिमटीत धरलं, डोळ्यांसमोर आडवं आणलं आणि हलकेच दाबून पाहिलं. तसं ते अजून पुस्तक नव्हतंच. माझ्या कादंबरीची जेवढी पानं होणार तेवढी कोरी पानं एकत्र चिकटवून, वर पांढरा जाड कागद लावून त्याने केलेला नमुना होता तो. ते लोक त्याला डमी म्हणतात. मी मुखपृष्ठाची फाईल घेऊन गेले होते आणि आता हा वाखाणेल, निदान बरं आहे म्हणेल, अशा अपेक्षेने खुर्चीच्या कडेवर बसले होते. ‘ताई, याला स्पाईन नाही येत,’ तो म्हणाला. स्पाईन म्हणजे पुस्तक कपाटात उभं ठेवल्यावर जी अरुंद पट्टी बाहेर दिसते ती. ‘म्हणजे पट्टी येते हो, पण तिच्यावर अक्षर नाही छापता येणार. एवढ्या बारीक पट्टीवर छापलं तर कापताना इकडचं तिकडे सरकतं. अर्धं नाव पुढच्या बाजूला जातं, अर्धं मागच्या. मग तुम्ही मलाच शिव्या घालणार.’ मी म्हटलं, मी शिव्या घालत नाही. तो हसला. त्याचा वरचा डावा सुळा कृत्रिम होता आणि शेजारच्या दातांपेक्षा एक छटा जास्त पांढरा होता. कुणीतरी घाई केली होती. मी त्या सुळ्याकडे बघत राहिले.

मी दात बनवते. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचे साचे पाठवतात आणि त्यावरून आमच्या लॅबमध्ये कवळ्या, कॅप, एकेकटे दात तयार होतात. खिडकीजवळचं टेबल माझं, कारण दाताचा रंग दिव्याखाली जुळवायचा नसतो. मी केलेला दात एखाद्याच्या तोंडात वर्षानुवर्षं राहतो, त्याने तो माणूस जेवतो, हसतो, बायकोवर खेकसतो, आणि मी कोण हे त्याला ठाऊक नसतं. ठाऊक असावं असंही काही नाही. दात कुणी केला हा प्रश्नच पडला नाही की दात चांगला झाला, असं आमच्यात मानतात. मलाही हे बरीच वर्षं पटत होतं. मग कधीतरी पटेनासं झालं. त्याला काही निमित्त घडलं नाही. एका दुपारी कुणाच्या तरी पुढच्या चार दातांना पॉलिश करताना मला वाटलं, हे सगळं तोंडातोंडांतून विरून चाललंय, आणि मी त्या आठवड्यापासून कादंबरी लिहायला लागले. एका दीपगृहात एकट्याने राहणाऱ्या माणसाची. दीपगृह मी कधी आतून पाहिलेलं नाही, पण त्या माणसाच्या आयुष्यात माझ्या ओळखीचं कुणी नव्हतं आणि तो कुणाशी बोलत नव्हता, हे मला सोयीचं होतं. प्रकाशकांनी नकार दिला, काहींनी तेवढीही तसदी घेतली नाही. तेव्हा स्वतःच छापायचं ठरवलं. नवरा म्हणाला, ‘छाप की.’ तो बहुतेक गोष्टींना असंच म्हणतो. त्याने माझं एक अक्षर वाचलेलं नव्हतं. मी दिलं नव्हतं आणि त्याने मागितलं नव्हतं, आणि दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

स्वतः छापायचं म्हणजे मुखपृष्ठही आलंच. पहिलं मी एका रविवारात केलं. नारिंगी सूर्यास्त, त्यापुढे दीपगृह, दीपगृहाच्या डोक्यावर पक्षी, शीर्षक सोनेरी, त्याला सावली, खाली माझं नाव तिरकं वळणदार. मला ते फार आवडलं होतं. मुलीला फोनवर पाठवलं. ती दुसऱ्या शहरात नोकरी करते आणि माझ्याशी सरळ बोलते. ‘आई, हे शाम्पूच्या बाटलीसारखं दिसतंय,’ ती म्हणाली. ‘आणि फोनवर तुझं नाव दिसतच नाहीये. काहीतरी वळवळतंय खाली, ते तू आहेस का?’ मग मी शिकायला बसले. इंटरनेटवर एक माणूस मुखपृष्ठ करायला शिकवतो. तो स्वतः दिसत नाही, पडद्यावर फक्त त्याचा बाण फिरतो आणि मागून खोकल्यासकट आवाज येतो. मी त्याला बाणवाला म्हणते. बाणवाला सांगे, चित्र नखाएवढं करून बघा. नखावर जे दिसत नाही ते मोठ्यावरही कुणी बघत नाही. उलटं करून बघा. रंग काढून बघा. दोन प्रकारची अक्षरं पुरतात, तिसरा प्रकार आला की वाचणाऱ्याला कळतं की तुम्ही घाबरला आहात. मी घाबरलेलीच होते. मी पक्षी काढला, सावली काढली, सूर्य काढताना मात्र जिवावर आलं. पांढरा म्हणून एक रंग नसतो हे तेवढं त्याला मला शिकवावं लागलं नाही. एकदा तो म्हणाला, चित्र पानाच्या कडेबाहेर थोडं वाढवून काढा, कारण कापताना कडेचा भाग जातोच. जे जाणार आहे तेही नीट रंगवलेलं असलं पाहिजे. हे मला इतकं पटलं की मी व्हिडिओ थांबवून चहा करायला उठले.

आणि एवढं करून, दीपगृह आता एका पांढऱ्या उभ्या पट्ट्यावर आलेलं, शीर्षक नखावरसुद्धा वाचता येत होतं अशा अवस्थेत, मी प्रेसमध्ये गेले होते आणि तिथे हे स्पाईनचं निघालं. प्रेसवाला तसा भला माणूस. ‘जाड कागद घ्या,’ तो म्हणाला, ‘आपोआप फुगेल.’ त्याने तसाही एक डमी करून दिला. तो मी पिशवीत घालून चालत निघाले. वाटेत सार्वजनिक वाचनालय लागतं, तिथे शिरले. कादंबऱ्यांच्या कपाटासमोर उभी राहिले आणि मान वाकडी करून पट्ट्या वाचत गेले, जशी इतकी वर्षं वाचत आले होते. मधेमधे काही बारीक पुस्तकं होती, ज्यांच्या पट्टीवर काही नव्हतं. आजवर मी त्यांच्यावरून नजर नेली असणार आणि मला ती दिसली नसणार. त्यातलं एक ओढून काढलं. त्याला लेखक होता, शीर्षक होतं, आत कुणाला तरी अर्पणही केलेलं होतं. मी ते परत ठेवलं आणि लगेच मला ते कुठे ठेवलं ते सापडेना. मग पिशवीतला जाड कागदाचा डमी काढून पाहिला. तो उघडताना कुरकुरत होता आणि हात सोडला की फटकन मिटत होता. कवळी बसत नसली की काही जण ती जाड करून देतात. आरशात ठीक दिसते, पण माणूस बोलायला लागला की सगळ्यांना कळतं. मला माझं नाव हवं होतं. हे मी आधी कधी इतकं उघड स्वतःशी म्हटलं नव्हतं. मला माझं नाव एका पट्टीवर, कपाटात, दोन अनोळखी लोकांच्या मधे हवं होतं, आणि त्यासाठी आणखी पानं लागणार होती. म्हणजे मुखपृष्ठासाठी कादंबरी वाढवायची. कुणी ऐकलं असतं तर वेड्यात काढलं असतं, म्हणून मी कुणाला सांगितलं नाही.

लिहायला बसले तेव्हा दीपगृहवाल्याचं सांगून झालेलं होतं. तो उठत होता, काच पुसत होता, समुद्र बघत होता. आणखी कितीदा पुसणार. त्याला एखादी आठवण द्यावी म्हटलं. पूर्वी तो शहरात राहत होता, लग्न झालेलं होतं, असं लिहिलं. हे भरतीचं काम होतं, त्यामुळे मी त्यात जीव ओतत नव्हते. शब्द निवडत नव्हते, खोडत नव्हते; लॅबमधून येऊन भाजी चिरण्याआधी थोडं, रविवारी कपडे वाळत घालून झाल्यावर थोडं, असं नुसतं पान भरत होते. वाक्यांची लांबी मोजावी तशी मी पट्टीची जाडी मनात मोजत होते. आणि असं बेफिकीर लिहिता लिहिता त्या माणसाची बायको एका संध्याकाळी बसमध्ये बसली, खिडकीजवळ, मांडीवर एक छोटं खोकं. खोक्यात दात होते, ते एका दवाखान्यात नेऊन द्यायचे होते. इथे मी पेन ठेवलं. त्या बाईचा धंदा मी तोवर ठरवलेला नव्हता.

ते खोकं माझं होतं. मुलगी तेव्हा शाळेत होती, हिवाळा होता, लवकर अंधारायचं. माझा नवरा लिफ्ट तपासतो. इमारतींच्या लिफ्ट वर्षातून एकदा तपासून घ्याव्या लागतात, दोर, ब्रेक, दारांचे खटके, आणि त्याच्या सहीशिवाय त्या चालवता येत नाहीत. त्या हिवाळ्यात एका इमारतीची लिफ्ट सारखी बिघडत होती. आठवड्यातून दोनदा बिघडायची. तो उशिरा यायचा, हात धुवायचा, जेवताना तिच्याबद्दल सांगायचा. ‘मोटर जुनी आहे गं. बदला म्हणून सांगितलंय, ऐकत नाहीत.’ मी म्हणायचे, लोक ऐकतच नाहीत. त्या संध्याकाळी बस सिग्नलला थांबली आणि मला तो फुटपाथवरून चालताना दिसला. त्याच्या हातात हत्यारांची पेटी नव्हती, संत्र्यांची पिशवी होती. पिशवी पातळ होती आणि आतली संत्री एकेक दिसत होती. मी पुढच्या थांब्यावर उतरले आणि मागे चालत आले. का उतरले, हे मी तेव्हाही स्वतःला विचारलं नाही. लोक उतरतात तशी उतरले. तो एका इमारतीत शिरला. दारावर तो जेवताना सांगायचा तेच नाव होतं. समोर बंद झालेलं एक घड्याळांचं दुकान होतं, त्याच्या पायरीवर मी खोकं घेऊन उभी राहिले. थोड्या वेळाने रस्ता ओलांडून इमारतीच्या दारातून आत पाहिलं. पत्रपेट्या होत्या, एक तीनचाकी सायकल होती आणि जिना होता. लिफ्ट नव्हती. त्या इमारतीला लिफ्टच नव्हती, कधी बसवलेलीही नव्हती, तशी जागाच नव्हती. मला आधी काय वाटलं असेल तर हे की हा किती वाईट खोटं बोलतो. जरा डोकं चालवलं असतं तर लिफ्ट असलेली इमारत सांगता आली असती. मग मी परत पायरीवर गेले. अंधार झाला होता, खिडक्या काळ्या होत्या, आणि तिसऱ्या मजल्यावर, डावीकडून दुसऱ्या खिडकीत दिवा लागला. पडदा नव्हता. कुणी दिसलं नाही. पिवळा म्हणावा तर पिवळा नाही, जुन्या दातासारखा उबदार पांढरा उजेड होता. मी बघत उभी राहिले, पाय गार पडले, मग दवाखान्यात जाऊन खोकं दिलं, पावती घेतली, घरी येऊन मुलीचा अभ्यास घेतला.

मी विचारलं नाही. याचा अर्थ मी सहन केलं किंवा क्षमा केली असा लावू नये. मी नुसती मूग गिळून बसले. विचारलं तर काहीतरी ठरवावं लागेल आणि ठरवायला मला जमत नव्हतं. लिफ्ट पुढे बिघडत राहिली. जेवताना मी तिची चौकशी करायचे, आणि मला सांगितलं पाहिजे की त्यात मला एक घाणेरडी मजा यायची. दोर बदलला का? बदलला. आणि मोटर? मोटरचं बघतायत. तो इतकं बारकाईने सांगायचा की मला कधी कधी ती लिफ्ट डोळ्यांसमोर दिसायची, तिचा जाळीचा दरवाजा, आतला मिणमिणता दिवा. हिवाळा संपता संपता एक दिवस तो लवकर आला, कपडेही न बदलता तेलाची कुपी घेऊन बसला आणि घरातल्या सगळ्या दारांच्या बिजागऱ्यांना तेल घातलं. कपाटांच्या, खिडक्यांच्या, सगळ्या. दुसऱ्या दिवसापासून तो वेळेवर यायला लागला. लिफ्टचं काय झालं, असं मी विचारलं नाही आणि तोही काही बोलला नाही. त्या खिडकीमागची बाई कोण, काळी की गोरी, तिने त्याला घालवलं की हाच निघून आला, मला काही ठाऊक नाही. मुलगी मोठी झाली, गेली. आम्ही एकमेकांशी बरे वागतो. आजारपणं काढली आहेत. माझे डोळे दुखले की तो न सांगता दिवा बदलतो. मधे इतकी वर्षं गेली की मी ते विसरले आहे, असंच मी धरून चालले होते, आणि आता ते पुस्तकाच्या जाडीसाठी ढिगाने बाहेर येत होतं, न खोडता, एकही शब्द न अडता.

पानं पुरेशी झाली तेव्हा मी प्रेसमध्ये गेले. प्रेसवाल्याने नवा डमी केला, चिमटीत धरला. ‘आता कसं!’ तो म्हणाला. ‘काय घातलंत आत?’ मी म्हटलं, एक आठवण वाढवली. त्याने माझ्यासमोर पट्टी मापून दाखवली, माझं नाव कागदाच्या चिटोऱ्यावर छापून तिच्यावर ठेवलं. दोन्ही बाजूंना जागा सोडून ते नीट बसलं. मला आनंद झाला, अगदी साधा, पोरकट. रस्त्यावर येईपर्यंत टिकला. रस्त्यावर आल्यावर माझ्या लक्षात आलं की आता हे लोक वाचणार. मुलगी वाचणार; तिला बसही आठवेल आणि तो हिवाळाही, ती काही मूर्ख नाही. लॅबमधल्या बाया वाचणार, दात घेऊन जाणारी बाई कोण हे त्यांना कुणी सांगायला नको. आणि नवरा वाचणार नाही म्हणावं, तर छापलेलं पुस्तक घरात टेबलावर पडलेलं असतं. इतकी वर्षं आम्ही दोघांनी मिळून जे न बोलून ठेवलं होतं, ते मी माझ्या नावासाठी विकायला काढलं होतं. ती पानं काढली तर नाव जातं. ती ठेवली तर कदाचित नवरा जातो, किंवा जात नाही आणि आम्ही दोघं त्या घरात ते पुस्तक टेबलावर ठेवून जेवत राहतो. या दुसऱ्या शक्यतेची मला जास्त भीती वाटत होती. प्रेसवाल्याने मुखपृष्ठाची फाईल सोमवारपर्यंत मागितली होती, कारण पट्टी रुंद झाली की सगळं माप बदलतं.

माप बदलायला बसले आणि दीपगृह मला बघवेना. ते दुसऱ्याच कुणाचं तरी वाटत होतं, जणू मी विकत घेतलेलं. बाणवाला म्हणतो, पुस्तकातलं एकच असं चित्र शोधा की ते काढलं तर पुस्तक पडेल. मी सगळी पानं चाळली. काच, समुद्र, जिना, पुन्हा समुद्र. पडण्यासारखं काहीच नव्हतं, कारण मुळात काही उभं नव्हतं; फक्त त्या भरतीच्या पानांत एक इमारत उभी होती. मग मी ती काढली. आता मला येत होतं. गडद राखाडी एक आयत, त्यात काळ्या खिडक्यांच्या ओळी, खाली दार, आणि एक खिडकी उजळ. रंगासाठी सगळी दुपार गेली. पिवळा घातला की ते जाहिरातीसारखं व्हायचं, पांढरा घातला की दवाखान्यासारखं. शेवटी लॅबमधली दातांच्या छटांची पट्टी आणून पडद्याशेजारी धरली आणि म्हाताऱ्या दाताची छटा जुळवली. तो उजेड जुळला. पण खिडकी तिसऱ्या मजल्यावर ठेवली की शीर्षक तिच्यावर येत होतं. शीर्षक वर नेलं तर ते माझ्या नावाला टेकतं, खाली नेलं तर दारात गर्दी होते आणि नखाएवढ्या आकारात काही वाचता येत नाही. म्हणून मी खिडकी एक मजला वर नेली. चौथ्यावर ती चांगली दिसत होती. नजर आधी तिच्याकडे, मग शीर्षकाकडे, मग खाली. बाणवाल्याने शाबासकी दिली असती. मला खोटं केल्यासारखं वाटलं आणि बरंही वाटलं. म्हटलं, चला, एवढी तरी कादंबरी झाली.

हे सगळं रविवारी सकाळी पडद्यावर उघडं होतं. मी ते मुद्दाम उघडं ठेवलं होतं का, याचं उत्तर मला देता येणार नाही. नवरा न्हाणीघरातला नळ दुरुस्त करत होता. ओल्याच हातांनी बाहेर आला, माझ्या खुर्चीमागे उभा राहिला. तो असा कधी कधी उभा राहतो आणि ‘मस्त’ म्हणून जातो. या वेळी तो गेला नाही. मला त्याच्या हातांचा साबणाचा वास येत होता. मी उगीचच माझं नाव एक कण डावीकडे सरकवलं, पुन्हा उजवीकडे आणलं.

‘ती खिडकी,’ तो म्हणाला, ‘एक मजला खाली हवी.’

मला वाटलं, हा चित्राबद्दल बोलतोय. खरंच वाटलं, निदान श्वास घेऊन सोडेपर्यंत. लिफ्टवाल्याला मजल्यांची नजर असते. ‘का?’ मी म्हटलं. ‘वर जास्त जड होतंय?’

‘नाही. जड नाही.’ तो थांबला. ‘तिसरा होता.’

बाहेर कुणीतरी सायकल भिंतीला टेकवली. मी मागे वळले नाही. पडद्याच्या काळ्या भागात त्याचा चेहरा अंधुक दिसत होता, पण डोळे कुठे बघतायत ते कळत नव्हतं. मला किती तरी गोष्टी म्हणता आल्या असत्या. इतक्या वर्षांत, भांडी घासताना, बसमध्ये, दातांना पॉलिश करताना मी त्यातल्या बऱ्याचशा तयार करून ठेवल्या होत्या, काही फार धारदार होत्या. त्यातली एकही जागेवर सापडेना.

‘माहीत आहे मला,’ मी म्हटलं. ‘पण तिथे शीर्षक येतं.’

 त्याने भिंतीशी असलेलं स्टूल पायाने ओढलं, पण तो बसला नाही. ‘तू होतीस तिथे,’ तो म्हणाला. विचारलं नव्हतं, नुसतं म्हटलं होतं.

‘समोरच्या पायरीवर. घड्याळांच्या दुकानाच्या.’

‘किती वेळा?’

‘एकदाच. एकदा पुरलं.’

‘आणि तरी तू मला मोटरचं विचारत होतीस.’

‘हो.’

‘आणि मी सांगत होतो.’ त्याने तोंडावरून हात फिरवला. त्याचे कान लाल झाले होते. म्हातारपणी कान लाल झालेला माणूस फार उघडा दिसतो. ‘लिफ्ट नव्हती, तेही लिहिलंयस?’

‘लिहिलंय.’

तो हसेल असं मला वाटलं, पण तो हसला नाही. मला त्याचा राग आला होता, इतक्या उशिरा, आणि त्याच वेळी त्याने आत्ता खोलीतून जाऊ नये असंही वाटत होतं, आणि या दोन्हींत कुठलं जास्त ते मला ठरवता येत नव्हतं. मी म्हटलं, ‘ती पानं काढता येतील. काढली तर पुस्तक बारीक होतं आणि पट्टीवर माझं नाव येत नाही. पण काढता येतील.’ मला ती काढायची नव्हती. मला ती काढायची नव्हती हे ‘काढता येतील’ म्हणेपर्यंत मलाच नीट माहीत नव्हतं.

‘काढू नकोस,’ तो म्हणाला. मग पुढे वाकून त्याने ओल्या बोटाने पडद्यावर दाखवलं. ‘शीर्षक हलव.’

‘खाली नेलं तर वाचता येत नाही.’

‘मग नाही येत.’

मी शीर्षक धरलं आणि खाली नेलं. दारापाशी ते अडचणीत बसलं, चांगलं अजिबात दिसत नव्हतं. बाणवाल्याने हात टेकले असते. मग खिडकी धरून एक मजला खाली आणली आणि डावीकडून दुसरी, जिथे होती तिथे, ठेवली. तो बघत राहिला. त्याच्या बोटाचा ओला ठसा पडद्यावर तसाच होता आणि हळूहळू वाळत होता. मी तो पुसला नाही.

‘वाचायला दे,’ तो म्हणाला.

मी खणातून छापून ठेवलेली पानं काढली, क्लिपमध्ये अडकवलेली, आणि मधूनच उघडून त्याच्यापुढे धरली, म्हणजे त्याला शोधावं लागू नये. त्याने ती माझ्या हातातून घेतली आणि उलटून पुन्हा पहिलं पान वर आणलं.

‘अरे, ते बरंच पुढे आहे,’ मी म्हटलं. ‘आधी नुसतं दीपगृह आहे.’

‘असू दे,’ तो म्हणाला आणि स्टुलावर बसला. ‘पहिल्यापासून वाचतो.’